विमान पाण्यावर उतरल्यास, वलगावमार्गे

तुम्ही विमानानं प्रवास करत असाल तर माझा आवाज तुमच्या कानांवरून गेला असण्याची शक्यता आहे. तुम्ही तो ऐकला असण्याची मात्र नाही. विमान सुटायच्या आधी पडद्यावर एक चित्रफीत लागते, तिच्यात सगळे सारखे हसत असतात आणि एक बाई मराठीतून सांगत असते की आसनपट्टा असा बांधा, प्राणवायूचा मुखवटा असा लावा. ती बाई मी. कंपनीचं नाव सांगायचं नाही असं करारात लिहिलंय, आणि तसंही कुणी विचारत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी मला एकच सूचना होती, "मॅडम, आवाजात हसू ठेवा." मग विमान समुद्रात पडलं तर काय करायचं, हे मी हळदीकुंकवाचं आमंत्रण दिल्यासारखं सांगून टाकलं. 'पडलं' हा शब्दच त्या मजकुरात नाही. विमान पाण्यावर उतरतं. मुखवटे खाली येतात. वाटेतले दिवे आपोआप लागतात. कुणी किंचाळत नाही, कुणाची चप्पल हरवत नाही, मुलं रडत नाहीत. त्या जगात संकटसुद्धा अंघोळ करून, भांग पाडून येतं. मला या कामाचे बरे पैसे मिळाले आणि पुढं मी ते विसरूनही गेले.

तर एके दिवशी कुंदाचा फोन आला. कुंदा म्हणजे माझी पुण्यातल्या वसतिगृहातली खोलीमैत्रीण. लग्न होऊन ती वलगावला गेली, अमरावतीजवळ. नवऱ्याचा फुलांचा व्यवसाय, शेतात झेंडू आणि शेवंती, पहाटे अमरावतीच्या बाजारात विक्री.

"शुभे, त्या इमानात तूच बोलते न वं?"

"हो. का गं?"

"काही नाही. मायी वैष्णवी हवाई सुंदरीचं शिकून राहिली. सगळं येते तिले. पण बोलते अशी, का मानूस घाबरते. तू आयकच."

फोनवर एक दणदणीत आवाज आला, "मावशी, कृपया आपली खुर्ची सरळ करा!"

मी पुण्यात, माझ्या स्वयंपाकघरात, पाठ ताठ केली.

प्रकरण असं होतं. वैष्णवी दोन मुलाखतींत नापास झाली होती आणि दोन्हीकडे शेरा एकच, 'सूर कठोर'. आता तिसरी मुलाखत अकोल्यात होती. तिच्या बाबांशी तिचा करार झालेला, या खेपेला नाही झालं तर विमानाचं नाव काढायचं नाही, गुपचूप बी.एड.ला बसायचं. "मावशी, मले बी.एड. नाई करायचं वो," असं ती ज्या आवाजात म्हणाली, तो ऐकून मला वाटलं, शिक्षण खात्याचं मोठंच नुकसान होणार आहे. मी दोन दिवस तिकडं जायचं ठरवलं.

पुणे ते वलगाव

पुण्याहून अमरावतीकडे जायला रात्रभराची रेल्वे बरी. आरक्षण महिनाभर आधी करा, नाहीतर मधला बाक मिळेल आणि मधल्या बाकावर माणूस ना झोपतो ना बसतो. सकाळी बडनेऱ्याला उतरले. तिथून अमरावती शहर रिक्षानं जवळच आहे. थंडीचे दिवस होते. राजकमल चौकाच्या बाजूला एका गाडीवर गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला वडा सकाळी सकाळी कोण खातं, असं मनात आलं, आणि मग दुसरी प्लेट सांगितली. विक्रेत्यानं विचारलं, "तिखट चालते न?" मी पुणेरी आत्मविश्वासानं "थोडंसं" म्हणाले. वऱ्हाडात 'थोडंसं' म्हणू नका, तो शब्द इथं माप समजला जात नाही.

वलगावला जायला शहरातून रिक्षा आणि बस दोन्ही मिळतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी माती, तूर उभी, कापूस फुटलेला. मधूनच झेंडूचं एखादं शेत येतं आणि डोळे उगाच आनंदी होतात. कुंदा फाट्यावर उभीच होती. इतक्या वर्षांनी भेटलो आणि तिचं पहिलं वाक्य, "बापा, तू तं म्हातारी दिसून राहिली वं!" पुण्यात असं कुणी म्हणालं असतं तर मी वर्षभर बोलले नसते. इथं आम्ही दोघी गळ्यात पडून हसलो.

कुंदाचे यजमान गजाननभाऊ म्हणजे अंगानं किरकोळ आणि आवाजानं अवाढव्य गृहस्थ. बाजारात यांनी "झेंडूऽऽ" म्हटलं की पलीकडच्या गल्लीतल्या बाया पिशवी घेऊन निघतात, असं कुंदा सांगत होती. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की गावात ज्या झडत्या म्हणतात, एकमेकांची टर उडवणाऱ्या, चार-दोन ओळींच्या, त्यात गजाननभाऊंच्या पुढं कुणी टिकत नाही. त्यांच्या खांद्याला एक खाकी पिशवी कायम. जेवताना मांडीशी, झोपताना उशाशी. तीत काय आहे, असं मी कुंदाला विचारलं तर ती म्हणाली, "काही नाई वं. पन ठेवलीच नाई जात त्याईच्यानं."

"या वो ताई," गजाननभाऊ म्हणाले. "तुमीच का त्या? मले वाटलं उंच असान."

अंगणातलं उड्डाण

दुपारी अंगणात विमान उभं राहिलं. शेजारचे नामदेवकाका मंडपवाले, त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून दोन रांगा लावल्या, मधून वाट. आसनपट्ट्यांच्या जागी हारांचा दोरा. प्राणवायूच्या मुखवट्यासाठी कुंदानं चहाची गाळणी दिली. जीवरक्षक जाकीट पिवळं असतं, म्हणून झेंडूचा हार. या एका बाबतीत ते घर कुठल्याही विमान कंपनीपेक्षा सधन होतं, जाकिटं शंभरेक तरी निघाली असती. शेजारपाजारचे लोक प्रवासी झाले. नामदेवकाका म्हणाले, "मी खिडकीपाशी बसतो." त्यांची खिडकी म्हणजे गोठ्याची भिंत होती, पण त्यांनी जागा शेवटपर्यंत सोडली नाही.

वैष्णवी उभी राहिली. उंच, तरतरीत, केस घट्ट मागं बांधलेले. तिनं हात पसरून दारं दाखवली तेव्हा मीसुद्धा मान वळवून बघितलं, इतकं ते नेमकं होतं. मग ती बोलली, "कृपया आपला आसनपट्टा बांधून घ्यावा!" आणि सगळ्या रांगेनं एकदम, चूक पकडल्यासारखे, दोरे बांधले.

"हसून बोल," मी म्हणाले.

"हासूनच तं बोलून राहिली मी, मावशी."

हे खरं होतं. चेहरा हसत होता, आवाज वर्गात काठी घेऊन फिरत होता. मी तिला शिकवलं की वाक्याचं शेपूट वर उचलायचं, 'कृपया' जरा लांबवायचं, शेवटचा शब्द खाली ठेवायचा नाही, हळूच सोडून द्यायचा. ती चटकन शिकली. पोरगी हुशार आहे. तासाभरात "कृपया" असं म्हणायला लागली की मला माझाच हेवा वाटला.

प्राणवायूशी आम्ही अडलो. "प्रथम स्वतःचा मुखवटा लावावा, त्यानंतर लहान मुलांना मदत करावी," असं तिनं म्हणताच पहिल्या रांगेतली एक बाई ताडकन म्हणाली, "कोनती माय असं करन?" त्यावर बरीच चर्चा झाली. लेकराला आधी द्यायचं की आपण आधी घ्यायचं, यावर अख्खं विमान दोन गटांत वाटलं गेलं. कुंदा चहा घेऊन आली होती, ती कप वाटता वाटता म्हणाली, "बरोबर लिहेल आहे ते. मी इतके वर्ष सगळ्याईले आधी मुखवटा लावून राहिली. मायाच राहून गेला." मग कुंदानं स्वतःसाठी एक कप वेगळा काढला आणि खुर्ची ओढून त्या विमानात बसली.

त्यानंतर ते वाक्य आलं. "विमान पाण्यावर उतरल्यास," वैष्णवी गळ्यात झेंडूचा हार घालत म्हणाली, "आपल्या आसनाखालील जाकीट काढून..."

गजाननभाऊ उठले. पिशवी खांद्याला लावून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"बाबा, काय झालं?"

"असं बोलू नये, माय."

"ते लिहेल आहे, बाबा."

"लिहेल असन. घरातून निघताना मानूस 'जातो' बी म्हणत नाई, 'येतो' म्हणते. आन् तू, उडाच्या आधी, पडाचं बोलून राहिली?"

मी मध्ये पडले. म्हटलं, भाऊ, 'पडणं' हा शब्दच त्यात नाही, 'उतरणं' आहे. ते म्हणाले, "ताई, मी झेंडू विकतो. माल सडला तं आमी 'नरम आहे' म्हणतो. मले सांगता का तुमी?" नामदेवकाकांनी गोठ्याच्या खिडकीतून वेगळाच मुद्दा काढला, "पन पानी कुठी आहे वाटंत? पूर्णा नदीले येवढं पानी असतं, तं आमी बोर काहून मारले असते?"

तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा 'पाण्यावर' म्हटलं की गजाननभाऊ उठून भिंतीकडं. बापाची पाठ बघून वैष्णवीचा आवाज पुन्हा कडक व्हायचा, कारण डोळ्यांतलं पाणी लपवायला तिला तोच एक मार्ग माहीत होता. मला तेव्हा कळलं की सूर कुठं बिघडतोय. पण कळून करणार काय?

तोड काढली नामदेवकाकांनी. ते म्हणाले, "गजानन, पोयाले तू झडतीत काय काय बोलते? मले बोलला, सरपंचावर बोलला, कोनाचा बैल मरते म्हनला. लागलं का कोनाले?"

"नाई लागत. शेवटी म्हाद्याचं नाव असते न."

"मंग हे बी झडतीच समज!"

झालं. पोळ्याच्या झडतीत काहीही बोला, शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर केला की बोललेलं सगळं धुऊन निघतं, अशी ती समजूत. ठरलं की वैष्णवीनं अभद्र वाक्य म्हणायचं, थोडं थांबायचं, आणि बाबांनी गजर द्यायचा. गजाननभाऊंनी आधी घसा मोकळा करायला म्हणून एक झडती तिथल्या तिथं रचून टाकली:

"लाल झेंडू, पिवळा झेंडू, झेंडूले नाई काटा,
इमान चढलं आभायात, तठी नाई फाटा!
हर बोला, हर हर महादेव!"

गोठ्यातले बैल उभे राहिले. पोळा नसताना हे काय, असं त्यांना वाटलं असावं.

आणि काय सांगू, गाडी रुळावर आली. "हवेचा दाब कमी झाल्यास," वैष्णवी मधाळ आवाजात म्हणायची आणि थांबायची. "हर बोला!" बाबा गरजायचे. "हर हर महादेव!" सगळे प्रवासी. मग ती गोड हसून पुढं, "प्राणवायूचे मुखवटे आपोआप खाली येतील." बाप भिंतीकडं वळला नाही. "जाकीट विमानातून बाहेर पडल्यावरच फुगवावं," हे वाक्य आलं तेव्हा मात्र ते पिशवीचा बंद सोडत-बांधत राहिले, ऐकतच नाहीत असं दाखवत. संध्याकाळपर्यंत आठ-दहा उड्डाणं झाली. रात्री रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. गोवरीवर भाजलेला कणकेचा रोडगा फोडून त्यात तूप ओततात, आणि नको म्हटलं की आणखी ओततात.

मला तेव्हाच खटकायला हवं होतं की आपण तिला थांबायची सवय लावतोय. पण रोडग्यानंतर कुणाला काय खटकणार?

अमरावती ते अकोला

अमरावतीहून अकोल्याला एसटी भरपूर आहेत आणि बायकांना अर्धं तिकीट आहे. आम्हाला मात्र वेळेआधी पोचायचं होतं म्हणून सकाळची खासगी गाडी धरली. महामार्ग चांगला आहे, बडनेरा, मुर्तिजापूर, बोरगाव मंजू करत दोनेक तासांत अकोला. घरातून निघताना कुंदानं वैष्णवीच्या हातावर दही ठेवलं. "येतो आई," वैष्णवी म्हणाली. "ये," कुंदा म्हणाली आणि पटकन आत गेली.

गाडीत वैष्णवी खिडकीशी बसून पुटपुटत सराव करत होती. तिच्या मागं गजाननभाऊ, मांडीवर पिशवी. मुर्तिजापूरच्या अलीकडं ती पुटपुटली, "पाण्यावर उतरल्यास," आणि थांबली. मागून गजर आला. अर्धी गाडी सवयीनं ओरडली, "हर हर महादेव!" ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, "काय झालं? कोन मेलं?" समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्या गाडीत मुखवटे पडत नाईत, ताई. पडली तं वरची बॅग पडते." मग मुर्तिजापूरला चहा झाला. चहा कडक आणि गोड, कप अंगठ्याएवढा, दोन घ्या.

अकोल्यात विमानतळ आहे, पण प्रवासी विमान येत नाही. अशा गावात हवाई सुंदरींची मुलाखत ठेवायचं डोकं कुणाचं, ते मला कळलं नाही. मुलाखत एका हॉटेलच्या सभागृहात होती. शेजारच्या सभागृहात साखरपुडा होता. मधल्या लांब व्हरांड्यात एका बाजूला उंच टाचांचे बूट घातलेल्या मुली आणि त्यांचे पालक, दुसऱ्या बाजूला फेटेवाले, नवरदेव, आचारी. कुणाचे पाहुणे कोण, ते शेवटपर्यंत कळत नव्हतं. एका काकूंनी वैष्णवीला बघून "नवरी लय उंच भेटली" असं म्हटलंसुद्धा.

आधी उंची झाली, मग हात वर करून कुठवर पोचतो ते झालं. त्यात वैष्णवी सगळ्यांच्या वर. मग एकेकीला आत बोलावून घोषणा म्हणायला लावत होते. पालकांना आत मज्जाव. मी दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिले. परीक्षक बाई साठीच्या असतील, पांढरे केस, साडीला एक सुरकुती नाही. त्या ऐकताना पेनाचं टोपण टेबलावर वाजवत होत्या.

वैष्णवीनं सुरुवात केली आणि मी मनात तिला कडकडून मिठी मारली. काय गोड! 'कृपया' तर मलासुद्धा कधी तसं जमलेलं नाही. आसनपट्टा झाला. दारं झाली. टोपण वाजायचं थांबलं.

"विमान पाण्यावर उतरल्यास," ती म्हणाली.

आणि थांबली.

पोरगी गजराची वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू घट्ट झालं. परीक्षक बाईंनी पेन उचललं. आता बी.एड., असं माझ्या मनात आलं, आणि त्याच क्षणी माझ्या मागं, दाराजवळच्या बाकड्यावर, एका माणसानं छाती भरून श्वास घेतला.

"हर बोला!"

वऱ्हाडात अशी हाक आली की माणूस विचार करत नाही. मुलींचे आईबाप, साखरपुड्याचे दोन्हीकडचे पाहुणे, आचारी, हॉटेलचा दरवान, सगळे एका आवाजात म्हणाले, "हर हर महादेव!" दाराची काच माझ्या नाकाशी थरथरली.

आत वैष्णवी सुटल्यासारखी हसली आणि पुढं म्हणाली, "आपल्या आसनाखालील जाकीट काढून गळ्यात घालावं."

परीक्षक बाईंनी तिला थांबवलं. "हे काय होतं?"

खोटं बोलणं त्या पोरीला येत नाही. "ते माये बाबा आहेत, मॅडम. त्याईले आयकवत नाई. मी पान्यावर म्हटलं का त्याईचा जीव घाबरते. म्हणून मधात देवाचं नाव घेतो आमी."

बाई खुर्ची सरकवून उठल्या. "मुली, तू आत्ता जे म्हणालीस ते काहीच घडलेलं नसताना म्हणायचं असतं. त्याला गोड आवाज लागतो. आता असं समज की घडलंय. बाहेर व्हरांड्यात धूर आहे. जिना तिकडं. मला ती जागा रिकामी करून दाखव. आणि 'कृपया' म्हणायचं नाही."

वैष्णवीनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? मला फक्त हसणारा आवाज येतो. दार उघडून ती बाहेर आली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तो दुसरा, संकट खरंच आल्यावरचा आवाज ऐकला.

"उठा! सामान सोडा! इकडून या! इकडून या! थांबू नका!"

मुलींचे पालक निघाले. टाचांचे बूट निघाले. वैष्णवी दोन्ही हातांनी वाट दाखवत ओरडत होती आणि शेजारच्या सभागृहाचं दारही उघडंच होतं. फेटे निघाले. नवरदेव निघाला, कपाळावर ताजा टिळा. नवरी साडी सावरत त्याच्या पुढं. पूजा सांगणारे महाराज हातात पळी घेऊन. एक काका जिलेबीची ताटली घेऊन निघाले होते, त्यांना तिनं जिन्याच्या तोंडाशी गाठलं, "ताटली ठेवा!" त्यांनी ठेवली. सगळ्यांत मागं बाकड्यावर गजाननभाऊ उरले, मांडीवर पिशवी.

"अवं माय, पन पिशवी..."

"बाबा! पिशवी सोडा! उठा! मागं पाहू नका!"

आणि गजाननभाऊंनी पिशवी बाकड्यावर ठेवली आणि चालू लागले.

खाली हॉटेलच्या पटांगणात सगळं वऱ्हाड उन्हात उभं. शेवटी परीक्षक बाई आल्या, मनगटावरचं घड्याळ बघत. साखरपुड्याचे यजमान, मुलीचे वडील, घाम पुसत माझ्याकडं आले. "काय झालं वो ताई? आग लागली का?"

"नाही हो. मुलाखत चाललीय."

त्यांनी घाम पुसायचा रुमाल खिशात घातला. मग म्हणाले, "मंग, पास झाली का पोरगी?"

"अजून सांगितलं नाही."

"असं कसं? आमी इतके जन बाहीर आलो!" आणि ते तडक परीक्षक बाईंकडं गेले. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण परतताना ते जाहीर करत आले, "आता बाहीर आलेच हा सगळे, तं जेवूनच जा!" मग मुली, पालक, परीक्षक, सगळे एका पंगतीत बसले. पुरी, वांग्याची भाजी, जिलेबी. तुम्हाला अकोल्यात कुठं जेवायचं म्हणून विचारलंत, तर माझ्याकडं एवढाच पत्ता आहे आणि तो साखरपुडा आता संपलाय.

जेवताना गजाननभाऊ माझ्याशेजारी होते. घास हातात धरून बसलेले. "ताई," ते म्हणाले, "मायी पिशवी वरच राहिली. आठवन बी नाई आली मले. ती म्हणली सोड, आन् हातच सुटला."

नावं चारच्या सुमारास वाचली. वैष्णवीचं होतं. प्रशिक्षणाला मुंबईला जायचं. तिनं किंकाळी मारली, मी मारली, नवरीनंही मारली. गजाननभाऊ मात्र वर गेले. मला वाटलं रडायला गेले. ते पिशवी घेऊन आले आणि तीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला झेंडूचा हार काढला, पिवळाधमक. झालं तर घालायचा म्हणून आणलेला, नाही झालं तर कुणाला कळू न देता परत न्यायचा. तो त्यांनी लेकीच्या गळ्यात घातला, दोन्ही हातांनी खाली ओढून छातीवर नीट बसवला, आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "इमानातून बाहीर निघाल्यावरच फुगवाचं. ध्यानात ठेव."

सगळी उड्डाणं त्यांनी ऐकली होती. भिंतीकडं तोंड करून, पिशवीचा बंद सोडत-बांधतसुद्धा. मी तिथं उभ्या उभ्या रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

परत पुणे

अकोल्याहूनच रेल्वे धरली. फलाटावर मी सवयीनं "चला, जाते" म्हणाले. बापलेक दोघेही एकदम ओरडले, "येते म्हना!" शेजारच्या डब्यातल्या एका माणसानं घाबरून "येतो" म्हटलं.

वऱ्हाडात जायचं असेल तर थंडीत जा, पोटात जागा ठेवून जा आणि 'थोडंसं' हा शब्द पुण्यातच सोडून जा. वैष्णवी आता मुंबईत शिकतेय. कुंदा सांगत होती की पोरगी तिथं सगळ्यांत मोठ्यांदा ओरडते आणि इथं गजाननभाऊ बाजारातून आले की आधी आभाळ बघतात. अमरावतीला आता विमान उतरतं. ते वरून गेलं की ते हळूच गजर देतात, बैलांनासुद्धा ऐकू जाणार नाही इतका हळू.

मागच्या महिन्यात माझं पुन्हा बोलावणं आलं, त्याच कंपनीची नवी चित्रफीत. नवा पोशाख, नवे हसणारे लोक, मजकूर तोच. मी आवाजात हसू ठेवलं. "विमान पाण्यावर उतरल्यास," मी म्हणाले, आणि थांबले. काचेपलीकडून ध्वनिमुद्रक म्हणाला, "मॅडम, मध्ये जागा पडली. परत घेऊ या का?"

मला त्या दुसऱ्या आवाजातली पोरगी आठवली, उद्या कुठल्या तरी विमानाच्या वाटेत उभी असणारी. आणि वलगावला वर बघणारा तिचा बाप.

"नको," मी म्हणाले. "असू दे ती."

त्यांनी ती ठेवली. तेव्हा कधी विमानात ते वाक्य आलं आणि त्यानंतर बाई जरा थांबली, तर मोबाइल खाली ठेवा. तेवढ्यात तुमचा काय असेल तो गजर म्हणून घ्या, मनातल्या मनात चालेल. मग ती पुढचं सांगेल.